शनिवारचा त्रास

आमच्या सरांच्या घरी जेवायला बसण्याआधी डोक्यावर काय आहे ते बघून घ्यायची मला सवय लागली होती. त्या घरात खिळा नव्हता. स्क्रू नव्हता. फळी, घड्याळ, आरसा, टॉवेलची खुंटी, जे काही भिंतीला होतं ते गोंदाने चिकटवलेलं होतं, आणि प्रत्येकाखाली पेन्सिलीने चिकटवल्याचा महिना लिहिलेला होता. एकदा काकू वरणावर तूप वाढत असताना खुंटी टॉवेलसकट खाली आली. सर पानावरून उठले, हात धुतले, पुसले, कोरडे होईपर्यंत थांबले आणि मगच त्यांनी खुंटी उचलली. उजेडात उलटी-सुलटी करून बघितली. चेहरा असा खुलला की जणू मुलगा पास झाल्याची बातमी आली.

"सुटला नाही," ते म्हणाले, "तुटला."

हा फरक त्यांच्या आयुष्याचा पाया होता. सांधा तुटल्यावर गोंद दोन्ही बाजूंना थोडा थोडा उरला असेल, तर गोंद आपल्या ताकदीपर्यंत लढून तुटला; त्यात लाज नाही. पण एक बाजू स्वच्छ कोरी निघाली, तर गोंद तिथे धरलाच नव्हता. म्हणजे चिकटवणाऱ्याने ती जागा नीट घासली नव्हती, पुसली नव्हती, किंवा पुसल्यावर तिला बोट लावलं होतं. बोटाचं तेल डोळ्याला दिसत नाही, पण सांध्याला कळतं. "गोंद तुटला तं गोंदाचा दोष. गोंद सुटला तं आपला." वर्गात शुद्ध इंग्रजीत शिकवणारे सर अशा वेळी थेट काटोलच्या बोलीत शिरत. आणि प्रयोगशाळेत दर पाच मिनिटांनी एकच आरोळी असे: "हात लावू नका!"

काकूंनी फक्त एका ठिकाणी बंड केलं होतं. देवाच्या तसबिरीमागे त्यांनी गुपचूप एक खिळा ठोकला होता. सरांना ते पहिल्या दिवसापासून ठाऊक होतं. मला कोपऱ्यात घेऊन ते म्हणाले होते, "बोलू नको तिले. तुलना करायले एक खिळा लागतोच."

नागपुरात हिंगणा रस्त्याला असलेल्या एका इंजिनिअरिंग कॉलेजात मी सरांच्या हाताखाली शिकवत होतो. हाताखाली हा शब्दसुद्धा त्यांना चालला नसता. मला नोकरी कशी मिळाली ते सांगितलं पाहिजे, नाहीतर पुढचं नीट कळणार नाही. मला अपराधी वाटतं. अमुक एका गोष्टीबद्दल असं नाही. सकाळी उठल्यापासून वाटतं आणि कारण दुपारपर्यंत सापडतं. एकदा सिग्नलवर हवालदाराने माझ्या शेजारच्या मोटारसायकलवाल्याला थांबवलं, तर मीही गाडी बाजूला घेतली आणि काल लाल दिव्यात गेलो होतो असं सांगून टाकलं. हवालदार बराच वेळ माझ्याकडे बघत राहिला. मग म्हणाला, "साहेब, आजचं काही असन तं बोला." मुलाखतीत मी हा किस्साही सांगितला, कारण लपवल्यासारखं वाटत होतं. समितीतले बाकीचे लोक कागद चाळू लागले. सरांनी मात्र एकच प्रश्न विचारला, मला झोप कशी लागते. मी म्हटलं, फारशी लागत नाही. त्यांनी तिथेच मला पसंत केलं.

पुढे ते म्हणत, "इंजिनिअरले अपराधी वाटलंच पाहिजे बाप्पा. फक्त आधी वाटलं पाहिजे. नंतर तं सगळ्याइलेच वाटते."

गच्चीवर त्यांची खरी शेती होती. लोखंडी नळीला ॲल्युमिनियमच्या पट्ट्या टांगलेल्या. दोन-दोन पट्ट्या टोकाला टोक चढवून अंगठ्याएवढ्या जागेत चिकटवलेल्या, आणि खालच्या पट्टीला वीट. काही पट्ट्या नुसत्या उन्हात, काही ओल्या गोणपाटात. खाली जुन्या गाद्या अंथरलेल्या. मे महिन्याच्या दुपारी कॉलेजच्या क्वार्टर्समधली सगळी माणसं कूलरसमोर आडवी असताना वर धप्प असा आवाज होई. सरांच्या आई, ज्यांना आम्ही सगळे आजी म्हणत असू, अंथरुणातूनच ओरडत, "बाबू, फळगळ झाली वाटते." आजींचं सगळं आयुष्य काटोलजवळ संत्र्याच्या बागेत गेलेलं. झाडावरून अवेळी पडतं त्याला त्यांच्या लेखी एकच शब्द होता.

आजी ऐंशीच्या पुढच्या. गुडघे गेलेले, जीभ शाबूत. सांध्यांना लवकर म्हातारं करणारी एक पेटी आमच्या प्रयोगशाळेत होती. आत उष्णता आणि वाफ सोडून तिच्यात थोड्या आठवड्यांत वर्षांची झीज करता येते. सरांनी मोठ्या हौसेने ती आजींना दाखवायला नेली. आजींनी आत वाकून बघितलं, दार लावलं आणि म्हणाल्या, "मले तं कोणी पेटीत ठेवलं नाही, तरी झालीच."

गोंदाचं वेड असलेला माणूस बिनड्रायव्हरच्या गाडीच्या नादी कसा लागला, हे लोक विचारत. वाट गोंदातूनच गेली. हिंगण्याच्या एका कारखान्याला आवारात माणसांची आणि सुट्या भागांची ने-आण करायला आपोआप चालणारी गाडी हवी होती. आम्ही बनवली. चार चाकं, बॅटरी, पुढे कॅमेऱ्याचा डोळा, मागे एक सीट; दिसायला लग्नात बुंदी फिरवतात त्या ट्रॉलीसारखी. सीटसकट सगळं अर्थातच चिकटवलेलं. पहिल्याच उन्हाळ्यात ती सरळ रस्ता सोडून शांतपणे कँटीनमध्ये शिरली आणि समोशाच्या कढईपासून हातभर अंतरावर थांबली. गाडीला भूक लागली असं कॉलेजभर झालं. आम्ही तपासलं, तर उन्हाने कॅमेऱ्याखालचा सांधा केसभर खचला होता. डोळा केसभर कलला, आणि गाडीला वाटलं की रस्ताच वळला आहे.

दुसरा कोणी असता तर त्याने तिथे चार स्क्रू मारले असते. सर आनंदाने दोन दिवस जेवले नाहीत. त्यांना दोन कामं सापडली होती. सांधा पक्का करायचा हे एक. आणि सांधा थोडा ढळला, वारा सुटला, ओझं कलंडलं, डोळ्यात धूळ गेली, तरी वाट सुटू द्यायची नाही हे दुसरं. "पहिलं जमलं तं चांगला कारागीर," ते म्हणत. "दुसरं जमलं तं भला माणूस."

या दुसऱ्या कामासाठी त्यांनी शनिवारचा त्रास सुरू केला. दर शनिवारी सकाळी कॉलेजातल्या कोणीही गाडीला त्रास द्यायचा. कोणाची परवानगी घ्यायची नाही, काय करणार ते आधी सांगायचं नाही, कोणाला इजा होऊ द्यायची नाही, आणि गाडी निघाली की तिला हात लावायचा नाही. हात लागला की चाचणी रद्द. ज्याचा त्रास सगळ्यांत उत्तम, त्याला सरांकडून तर्री पोहे.

अशी बदमाशी मी दुसऱ्या कुठल्याही खात्यात बघितली नाही. आमचे प्रयोगशाळेतले मदतनीस गजूभाऊ यांनी रस्त्यावर चुन्याची सुंदर पांढरी रेघ आखून ती गाडीला थेट प्राचार्यांच्या मोटारीकडे नेईल अशी वळवली. गणिताच्या एका बाईंनी गुलमोहराला लाल साडी बांधून ती वाऱ्यावर सोडली. कोणी एका चाकातली हवा कमी करी, कोणी मागे रेतीची पोती एकाच बाजूला रचून ठेवी. प्रत्येक वेळी गाडी फसली की सर टाळ्या वाजवत, आणि पुढचे पाच दिवस आम्ही तिला शहाणं करत बसू.

मला त्रास देता येत नसे. माझी पाळी आली तेव्हा मी रस्त्यात एक खडा ठेवला, आणि तोही जरा कडेला. सर माझ्याजवळ येऊन हळू आवाजात म्हणाले, "तू गाडीले त्रास देऊन नाही राहिला गा. समजूत घालून राहिला." त्यानंतर माझ्याकडे कायमचं एकच काम आलं. गाडी जागच्या जागी थांबवायचं बटण माझ्या हातात असे. सगळ्यांत भित्र्या माणसाकडे ते असावं, असा सरांचा हिशोब होता.

आजी हे सगळं क्वार्टरच्या व्हरांड्यातून खुर्चीत बसून बघत. त्यांचा डोळा गाडीवर होता. कॉलेजच्या मागच्या फाटकाशी एक मारुतीचं देऊळ आहे, क्वार्टर्सपासून पार दुसऱ्या टोकाला. सर त्यांना शनिवारी मोटारीने नेत. पण त्यांना नेलेलं नको होतं. नेणारा माणूस बाहेर उभा राहून घड्याळ बघतो. आधी दंड धरून उतरवतो, मग दंड धरून चढवतो. "मी काय गठुडं हाय का?" असं त्यांनी एकदा मला विचारलं होतं. जन्मभर बागेतून एकटी हिंडलेली बाई. कोणाचा हात न लागता एकदा देवळात जावं, मनाला येईल तेवढं बसावं आणि मनाला येईल तेव्हा परत फिरावं, एवढंच त्यांना हवं होतं.

दर शनिवारी त्या विचारत, झाली का तुही गाडी. सरांचं उत्तर ठरलेलं. सीटचा सांधा अजून एक उन्हाळा बघू दे. तो उन्हाळा गेला की पावसाळा. पावसाळा गेला की म्हणत, आता पुन्हा एक उन्हाळा, म्हणजे खात्री. गाडीत त्यांनी अजून एकही माणूस बसवला नव्हता, रेतीची पोतीच बसवली होती.

एका दिवशी आजींनी ऐकून घेतलं नाही. मी तिथेच पोहे खात होतो. त्या म्हणाल्या, "तुह्या गोंदाले उन्हाळे मोजता येते बाबू. मले येत नाही." सर उठून गच्चीवर गेले. वरून बराच वेळ कुठलाच आवाज आला नाही.

पुढचा शनिवार थंडीतला होता. विभागासमोर सगळे स्वेटर घालून जमलेले. गाडी उभी. मी बटण घेऊन कडेला. सरांनी नेहमीप्रमाणे विचारलं, आज त्रास कोणाचा?

"माहा," मागून आवाज आला.

आजी काठी टेकत आल्या होत्या. नऊवारी, वर मुलाचा जुना स्वेटर, बगलेत छत्री, ओच्यात संत्री. लोक हसले. सरही हसले, आणि त्यांनी विचारलं, माय, काय त्रास देशील?

"आधी सांगा लागत नाही ना गा? नेम तुहाच हाय." असं म्हणून त्या गाडीपाशी गेल्या, काठी गाडीत आडवी टाकली, सीटवर बसल्या आणि पुढचं, गाडी सुरू करायचं हिरवं बटण दाबलं. वर्षभर व्हरांड्यातून बघितलं होतं त्यांनी. सर पुढे धावले. आजींनी बोट वर केलं. "हात लावू नको. गाडी निघाली."

सर माझ्याकडे वळले आणि म्हणाले, "थांबव."

आजींनीही माझ्याकडे बघितलं. त्या मला मास्तर म्हणत. "मास्तर, कोणाले इजा झाली का?"

झाली नव्हती. बटण इजेसाठी होतं. मी ते दाबलं नाही. त्याला धैर्य म्हणावं की अंगठा गारठला होता, याचा निकाल मी आजवर लावू शकलेलो नाही.

गाडी चालीच्या वेगाने निघाली आणि आजींनी त्रास सुरू केला. मन लावून केला. आधी या बाजूला कलल्या, मग त्या बाजूला. छत्री उघडून कॅमेऱ्यासमोर अर्धी आडवी धरली. गाडी थबकली, विचारात पडली आणि उरलेल्या अर्ध्या डोळ्याने वाट धरून चालू लागली. त्यांनी संत्रं सोलून सालं पुढे फेकली. गजूभाऊंच्या चुन्याच्या रेघेचा जुना ठसा आला, तिथे गाडी जरा रेंगाळली आणि सरळ गेली. लोक दोन्ही कडेने चालत होते, कोणी मोबाईल काढले होते, आणि आजी वरातीतल्या नवरदेवासारख्या ताठ बसल्या होत्या.

सर मागे चालत होते. वर्षभर या गाडीची हवा सोडणारा, तिच्या डोळ्यात धूळ फुंकणारा माणूस. त्यांचा उजवा हात सीटच्या पाठीवर होता. धरला नव्हता, नुसता टेकला होता. वाटेतल्या पिंपळाजवळ आल्यावर आजींना ते जाणवलं. वळून न बघताच त्या म्हणाल्या, "हात काढ."

"माय, सीट फक्त चिकटवलेली आहे."

"कोणं चिकटवली?"

"मीच."

"हात धुतले होते का?"

"धुतले होते."

"मंग काढ."

त्यांनी काढला. पण तो खाली आला नाही. पिंपळापासून देवळापर्यंत तो हात सीटमागे वीतभर अंतरावर हवेत तसाच चालत राहिला, आणि उतारावर त्याची बोटं उघडत-मिटत होती. मी शेजारीच होतो. सांधा हलला नाही. गाडी देवळाच्या पारापाशी जाऊन थांबली. आजी आपल्या आपण उतरल्या आणि काठी टेकत आत गेल्या. सरांना त्यांनी बाहेरच थांबवलं, आणि मनगटावरचं घड्याळ काढून खिशात ठेवायला लावलं.

आता निकालाचा प्रश्न होता, आणि त्यात एक मेख होती. माणूस बसवून एक चाचणी पुरी झाली की गाडी कारखान्याची, असं ठरलेलं होतं. कारखान्याचे साहेब दर महिन्याला फोन करत होते. पाराजवळ सगळे सरांकडे बघत होते. सर माझ्याकडे बघत होते, कारण मला खोटं बोलता येत नाही हे त्या आवारातल्या कुत्र्यांनाही माहीत होतं.

"हात होता का?" त्यांनी विचारलं.

"होता सर," मी म्हटलं. "पिंपळापर्यंत होता."

"मंग चाचणी रद्द," सर म्हणाले.

म्हाताऱ्या बाईने एवढं धाडस केलं आणि मी एका वाक्यात ते पुसून टाकलं, असं वाटून मी पारावर बसलो. पुष्कळ वेळाने आजी बाहेर आल्या. त्यांना निकाल सांगितला. त्यांनी तो नीट ऐकला, कपाळाचा शेंदूर पुसला आणि माझ्या हातात एक संत्रं ठेवलं.

"म्हणजे पुढच्या शनिवारी पुन्हा करा लागन," त्या म्हणाल्या.

पुढच्या शनिवारी पुन्हा झाली. गाडी उत्तम चालली, पण मध्येच आजींनी गजूभाऊंना हाक मारून चाकाजवळ लोंबणारा पदर आवरायला लावला. गजूभाऊंचा हात चाकाच्या पत्र्याला लागला. रद्द. त्यानंतरच्या शनिवारी काठी पडली आणि ती उचलून देताना गणिताच्या बाईंचा हात सीटला लागला. रद्द. एकदा तर कोणीच हात लावला नाही तेव्हा देवळापाशी पोचता पोचता आजींनी माझाच हात धरून सीटवर ठेवला आणि सरांना दाखवला. सरांनी तो गंभीर चेहऱ्याने तपासला. रद्द.

दर आठवड्याला आजी कोणाच्या दंडाला न धरता देवळात जात आणि हवं तेवढं बसत. मी मात्र पोखरला जात होतो. हे कारखान्याला फसवणं नव्हे का, असं मी सरांना विचारलं. त्यांनी मला विचारलं, आजवर एक तरी चाचणी हात न लागता पुरी झाली का? नव्हती. "मंग मी खोटं कुठी बोलून राहिलो?" त्या रात्रीही मला झोप लागली नाही. शेवटी मीच कारखान्याच्या साहेबांना फोन करून सगळं सांगून टाकलं. ते शनिवारी स्वतः आले. आजींनी त्यांना संत्रं दिलं, त्रास द्यायला बोलावलं आणि त्यांच्याकडून छत्री धरवली. साहेब देवळापर्यंत गाडीबरोबर चालत गेले. परत आल्यावर म्हणाले, आमच्यासाठी दुसरी बनवा, ही तुमची अजून तयार दिसत नाही. दुसरी बनवली. ती नीट तपासून, रीतसर पास करून हिंगण्याला गेली. मी फोन केल्याचं सरांना सांगितलं, तेव्हा ते म्हणाले, "मले माहीत होतं. तुले घेतलंच त्याच्यासाठी."

आजी पुढच्या पावसाळ्यात गेल्या. घरीच, झोपेत. सर तेरा दिवस कॉलेजात आले नाहीत. गच्चीवर पट्ट्या पडल्या तरी खालून कोणी ओरडलं नाही.

आता सर निवृत्त होऊन काटोलच्या बागेत राहतात, आणि फोनवर फळगळीबद्दल बोलतात तेव्हा ते झाडांबद्दल असतं की पट्ट्यांबद्दल, ते मी विचारत नाही. पण त्या तेरा दिवसांनंतरचा शनिवार सांगून थांबतो.

त्या सकाळी विभागासमोर कोणी जमलं नव्हतं. त्रास कोण देणार? मी गाडीवरची धूळ पुसत होतो. सर आले. डोकं भादरलेलं, त्यामुळे कान मोठे दिसत होते. त्यांनी माझ्या हातात थांबवायचं बटण दिलं आणि स्वतः सीटवर बसले. इतक्या दिवसांत त्या गाडीत ते कधीही बसले नव्हते.

"मागून ये," म्हणाले. "हात लावू नको."

गाडी निघाली. सरांनी कसलाच त्रास दिला नाही. दोन्ही हात मांडीवर ठेवून ते समोर बघत होते. चुन्याचा ठसा पावसाने धुऊन गेला होता. पिंपळ गेला. मी वीतभर अंतर राखून चाललो होतो. उतार लागला तेव्हा त्यांची पाठ हलायला लागली. सांधा नव्हता हलत. पाठ हलत होती.

मी हात लावला.

देवळापाशी गाडी थांबली. सर उतरले नाहीत. बऱ्याच वेळाने त्यांनी, वळून न बघताच, विचारलं, "हात होता का?"

"होता सर."

त्यांनी स्वेटरच्या बाहीने नाक पुसलं. थंडी नव्हती, तरी अंगात तोच जुना स्वेटर, आजी घालत तो.

"मंग रद्द," ते म्हणाले. "पुढच्या शनिवारी पुन्हा."